वेटलिस्ट, ट्रान्सफर आणि तिसऱ्या वर्षाचा खर्च

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्यांदा तो वेटलिस्टचा वाटला, दुसऱ्यांदा लक्षात आलं की तो पैशाचा आणि वेळेचा आहे. म्हणून आधी मला काय समजलं ते लिहिते. कुठे चुकत असेन तर पुढचं उत्तरही तेवढंच बदलून घ्या.

तासगाव तालुक्यात तुमची द्राक्षबाग आहे आणि बेदाण्याची स्वतःची शेड आहे. मुलीनं यंदा १२वी विज्ञानची परीक्षा दिली. तिला फूड सायन्स शिकायचंय. बेदाणा रॅकवर असताना काळा का पडतो, यावर तिनं अर्जातला निबंध लिहिला, हे तुम्ही मुद्दाम सांगितलंत. मला ते फार आवडलं, कारण त्यावरून पोरीला विषय मनापासून हवाय हे कळतं. यूसी डेव्हिसनं, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाच्या (यूसी) डेव्हिस कॅम्पसनं, तिला वेटलिस्टवर, म्हणजे प्रतीक्षायादीत, ठेवलंय. अमेरिकेच्या मधल्या भागातल्या एका सरकारी विद्यापीठानं प्रवेश दिलाय, आणि शिष्यवृत्ती वजा जाता राहण्याखाण्यासकट वर्षाचा खर्च ३२ हजार डॉलर येतो. पुण्यातले एजंट म्हणतात, "दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज करा, डेव्हिस हमखास मिळतं." (कम्युनिटी कॉलेज म्हणजे तिथलं पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारं सरकारी कॉलेज.) ब्रॅम्प्टनचा भाचा म्हणतो कॅनडातलं कॉलेज घ्या, मग युनिव्हर्सिटीत उडी मारा. आजोबा म्हणतात राहुरीच्या कृषी विद्यापीठात घाला. कर्ज धरून तुमची ताकद सव्वा कोटीची आहे. आणि तुमचा प्रश्न आहे: "डेव्हिसला पोचायचा यातला खात्रीचा रस्ता कोणता?"

सोळा वर्षं मी सांगलीत हेच काम करतेय. त्याआधी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. फी पालकांकडून घेते, कोणत्याही कॉलेजकडून कमिशन घेत नाही. हे सांगते, कारण ट्रान्सफरच्या, म्हणजे शिक्षण मधेच एका कॉलेजातून दुसरीकडे नेण्याच्या, बाबतीत सल्ला देणाऱ्याला पैसे कुठून मिळतात यावर सल्ला बराच ठरतो. तुमच्या एजंटांना हा प्रश्न सरळ विचारा. कमिशन घेणं गुन्हा नाही, पण तुम्हाला ते माहीत असायला हवं.

आता माझं मत. प्रश्न जरा फिरवून घ्या. डेव्हिसला कसं पोचायचं हे बाजूला ठेवा आणि विचारा: जिथं मुलीचं पहिलं पाऊल पडणार आहे, तिथंच तिला चारही वर्षं काढावी लागली तर चालेल का? उत्तर हो असेल तर ट्रान्सफर ही वरची कमाई. उत्तर नाही असेल, तर ती जागा कितीही स्वस्त असो, धोक्याची आहे. माझ्याकडे आलेली जी मुलं ट्रान्सफरच्या नादात अडकली, ती जवळपास सगळी याच एका जागी अडकली. पहिलं कॉलेज त्यांनी धर्मशाळा समजून निवडलं होतं.

वेटलिस्टचं आधी उरकून घेऊ. वेटलिस्टवर नाव आलं म्हणजे तुम्ही आपोआप रांगेत उभे राहत नाही. पोर्टलवर जाऊन 'मला राहायचंय' असं वेगळं कळवावं लागतं आणि त्याला मुदत असते. हे न केल्यामुळे नाव गेलेली मुलं मी पाहिली आहेत. दुसरं, आपल्याकडच्या रेल्वेच्या वेटिंगसारखा इथं नंबर नसतो. १ मे ही बहुतेक अमेरिकी विद्यापीठांची उत्तर देण्याची तारीख. ती गेली की ते मोजतात, कोणत्या विषयात किती जागा रिकाम्या राहिल्या, आणि त्याप्रमाणे मे-जूनमध्ये मुलांना बोलावतात. एखाद्या वर्षी शेकड्यांनी बोलावतात, एखाद्या वर्षी कुणालाच नाही. मागच्या वर्षांचे आकडे पाहायचे असतील तर विद्यापीठाच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' टाकून शोधा. त्यातल्या 'सी' विभागात किती जणांना वेटलिस्ट दिली, किती थांबले आणि किती आत आले, हे ओळीनं दिलेलं असतं. तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवलेत की चढउतार दिसेल, आणि त्यावर कर्जाचा निर्णय का घेऊ नये तेही कळेल. त्याच कागदातला 'डी' विभाग ट्रान्सफरचा आहे, तोही पाहा. काही खासगी विद्यापीठं वेटलिस्टवरच्या मुलांकडून पत्र घेतात. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत मात्र पोर्टलवर जे मागितलंय तेवढंच द्यायचं. ओळखीच्या शास्त्रज्ञांची शिफारसपत्रं पाठवू नका, त्यांचा उपयोग होत नाही.

डेव्हिसला एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. तिथं क्वार्टर पद्धत असल्यानं वर्ग सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतात. बाकीच्या बऱ्याच ठिकाणी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात होतात. त्यामुळे जूनच्या शेवटी बोलावणं आलं तरी आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रवेशाचं पत्र), व्हिसाची तारीख आणि मुंबईची मुलाखत यांना थोडी सवड मिळते.

पण बोलावणं आलं तर तुम्ही काय करणार? हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही, आणि मला त्याचीच काळजी वाटली. बाहेरच्या देशातल्या विद्यार्थ्याचा डेव्हिसचा वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे जातो. नुसता 'अनिवासी' म्हणून जो जादा आकार लावतात, तोच ३५ हजार डॉलरपेक्षा जास्त आहे. परदेशी मुलांना गरज पाहून मदत देण्याची पद्धत तिथं जवळपास नाही. डॉलर ९० रुपये धरला तर वर्षाला ७२ लाख आणि चार वर्षांचे पावणेतीन कोटींच्या वर. तुमचे सव्वा कोटी दुसरं वर्ष पुरं होता होता संपतात. म्हणजे वेटलिस्ट हलली नाही हे तुमचं दुःख आहे, पण ती हलली तर अडचण त्याहून मोठी आहे. हे मुलीशी आत्ताच बोला. जूनमध्ये हातात प्रवेशपत्र असताना बापानं "पैसे नाहीत" म्हणणं आणि आज घरात बसून आकडा मांडणं, यात पोरीच्या मनाला फार फरक पडतो.

आता एजंटांच्या रस्त्याकडे येते, कारण तो खोटा नाही. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि तिथून राज्याच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाण्याची पद्धत अगदी रुळलेली आहे. यूसीमध्ये ट्रान्सफर होणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त मुलं याच कॉलेजांतून येतात. नऊपैकी सहा कॅम्पस 'टॅग' नावाची लेखी हमी देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. परदेशी मुलांनाही ही हमी मिळते. म्हणजे "डेव्हिस मिळतं" हे वाक्य खरं आहे. 'हमखास' या शब्दाच्या आत मात्र अटी आहेत.

टॅगचा अर्ज सप्टेंबर महिन्यात भरायचा असतो आणि तो एकाच कॅम्पससाठी भरता येतो. नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये यूसीचा मुख्य अर्ज वेगळा भरावा लागतो. मुलगी ऑगस्टमध्ये गेली तर पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात तिला टॅग भरायचाय. तोवर तिचे यूसीला चालणारे ३० युनिट (विषयांचे श्रेयांक) पुरे झालेले असावे लागतात आणि गुणांची सरासरी ठरलेल्या आकड्याच्या वर असावी लागते. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर एका सत्रात किमान १२ युनिट घ्यावे लागतात. बरीच मुलं "नवीन देश आहे, सवय होऊ दे" म्हणून तेवढेच घेतात. दोन सत्रांचे झाले २४. सहा कमी पडले, टॅग गेला. त्यामुळे पहिल्या दिवसापासून १५-१५ घ्यायचे, नाहीतर उन्हाळ्याचे वर्ग करायचे, आणि त्याचे पैसे वेगळे.

दुसरी गोष्ट मी रसायनशास्त्राची बाई म्हणून सांगते. फूड सायन्सला जनरल केमिस्ट्री दोन सत्रं, त्यावर ऑरगॅनिक, शिवाय जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र. ही साखळी आहे. जनरल केमिस्ट्रीचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा मिळत नाही, दुसरा झाल्याशिवाय ऑरगॅनिक नाही. नव्या मुलांची नोंदणीची पाळी सगळ्यात शेवटी येते, आणि प्रयोगशाळेच्या जागा तोवर भरलेल्या असतात. मिरजेकडचा एक मुलगा असाच अडकला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, पहिल्या सत्रात सोपे विषय घे, सरासरी चांगली राहील. त्यानं चित्रकलेचा इतिहास, संवादकौशल्य आणि एक संगणकाचा विषय घेतला. सरासरी उत्तम आली. केमिस्ट्री मात्र दुसऱ्या सत्रात सुरू झाली, ऑरगॅनिक अडलं आणि दोन वर्षांची तीन झाली. तो माझ्याकडे आला तेव्हा वडिलांनी ते जादा वर्ष निभावायला एक प्लॉट विकला होता.

म्हणून हा रस्ता धरायचाच असेल तर कॉलेज ठरवण्याआधी 'असिस्ट' या संकेतस्थळावर बसा. ते कॅलिफोर्नियाचं अधिकृत आहे. कोणत्या कॉलेजचा कोणता विषय डेव्हिसच्या कोणत्या विषयाला चालतो, हे त्यावर शेजारी शेजारी दिलेलं आहे. मुलीला स्वतः बसवा. चार सत्रांचा तक्ता तिनं हातानं काढावा. तक्ता काढताना तिला ज्या शंका येतील, त्याच शंका एजंटांना विचारा. उत्तरं आली तर एजंट कामाचे.

समजा सगळं नीट पार पडलं. दोन वर्षं झाली, सरासरी आली, डेव्हिसचं पत्र आलं. आता पैसे मोजू. कम्युनिटी कॉलेजची फी आणि कॅलिफोर्नियातलं राहणं मिळून वर्षाला ३० ते ३५ हजार डॉलर धरा. दोन वर्षांचे साधारण ५५ ते ६० लाख. पुढची दोन वर्षं डेव्हिसची, म्हणजे आजच्याच भावानं दीड कोटीच्या आसपास. एकूण दोन कोटींच्या वर. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं राहिलं म्हणून अनिवासी आकार माफ होत नाही, कारण विद्यार्थी व्हिसावर राज्याचं रहिवासी होता येत नाही. टॅग जागेची हमी देतो, पैशाची नाही.

आणि हा खर्च वाढतो तो नेमका तिसऱ्या वर्षी, जेव्हा मागं फिरायला सगळ्यात अवघड असतं. व्हिसा देताना मुख्यतः पहिल्या वर्षाचा पैसा दाखवावा लागतो. तीस लाख दाखवले, व्हिसा झाला, पेढे वाटले. तिसऱ्या वर्षी ७२ लाख लागणार आहेत हे त्या दिवशी कुणी विचारत नाही. ते घरानंच स्वतःला विचारायचं असतं.

बागायतदार घरांना मी आणखी एक प्रश्न विचारते, आणि तो ऐकून काही जण नाराज होतात. चार वर्षांत एक वर्ष बाग गेली तर? फळछाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस लागला, डाऊनीची बुरशी आली, गळकूज झाली, की त्या वर्षीचं उत्पन्न काय राहतं हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. अमेरिकेची फी मात्र ठरल्या तारखेलाच जाते. माझा साधा ठोकताळा असा: एक वर्ष उत्पन्न शून्य धरून हिशेब मांडा आणि तरीही फी जात असेल तरच तो पर्याय घ्या. ३२ हजारांचं विद्यापीठ या चाळणीतून जेमतेम जातं. चार वर्षांचे एक कोटी पंधरा लाख, फीवाढ धरली की सव्वा कोटी. डेव्हिस कोणत्याही रस्त्यानं जात नाही.

भाच्याच्या सल्ल्याबद्दल थोडक्यात सांगते. तो वाईट बुद्धीनं बोलत नाहीये. तो गेला तेव्हा हे सोपं होतं. ८ नोव्हेंबर २०२४ पासून कॅनडात शिक्षणसंस्था बदलायची तर नवा स्टडी परमिट काढावा लागतो. त्याआधी नुसतं कळवून चालायचं. २०२४ पासून परमिटच्या संख्येवरही मर्यादा आहे. म्हणजे कॉलेजातून विद्यापीठात उडी मारताना पुन्हा एकदा सरकारी दारात उभं राहायचं, आणि नकार आला तर पोरगी मधेच. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कॉलेज ते विद्यापीठ अशी जुनी, नीट बांधलेली ट्रान्सफर पद्धत आहे, त्याचं मार्गदर्शक कोष्टक सरकारीच आहे. पण ब्रॅम्प्टन ऑन्टॅरिओत येतं, तिथं कॉलेजचा डिप्लोमा आणि विद्यापीठाची पदवी यांचं तसं सरसकट जुळलेलं नाही. कॅनडाच हवं असेल तर थेट विद्यापीठात पहिल्या वर्षाला अर्ज करा. नातेवाइकांजवळ राहायला मिळेल म्हणून देश ठरवू नका.

आता त्या अमेरिकेच्या मधल्या भागातल्या विद्यापीठाकडे या. तुमच्या सगळ्या लिखाणात त्याला दोन ओळी मिळाल्यात, आणि मला वाटतं हाच तुमच्यावरचा सगळ्यात मोठा अन्याय आहे, तुम्हीच केलेला. तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून ते लँड-ग्रँट विद्यापीठ दिसतंय. १८६२ च्या मॉरिल कायद्यानं अमेरिकेत शेती आणि यंत्रविद्या शिकवायला ही विद्यापीठं उभी राहिली. आपल्याकडची कृषी विद्यापीठं याच धर्तीवर निघाली, संशोधन, शिक्षण आणि शेतकऱ्यापर्यंत विस्तार असं तिन्ही एका छताखाली. अशा ठिकाणी फूड सायन्स हा जुना, भरभक्कम विभाग असतो. त्यांच्या प्रायोगिक प्लँटमध्ये वाळवण, गोठवण, पॅकिंग अशी कामं पदवीच्या मुलांना करायला मिळतात. तुमच्या मुलीचा प्रश्न बेदाण्याच्या काळेपणाचा आहे, म्हणजे एन्झाइमचा, वाळवण्याच्या वेगाचा आणि ओलाव्याचा. त्यासाठी डेव्हिसच लागतं असं नाही. डेव्हिसचं द्राक्षातलं नाव मोठं आहे, ते मान्य. पण ते नाव पदव्युत्तर शिक्षणात जास्त कामाला येतं.

त्या विद्यापीठाबद्दल चार गोष्टी तपासा. इन्स्टिट्यूट ऑफ फूड टेक्नॉलॉजिस्ट्स ही संस्था पदवी अभ्यासक्रमांना मान्यता देते, त्या यादीत हा अभ्यासक्रम आहे का. शिष्यवृत्ती चारही वर्षं आहे का आणि किती सरासरी राखावी लागते. मागच्या तीन वर्षांत फी किती वाढली. आणि पदवीच्या मुलांना प्रयोगशाळेत पगारी काम मिळतं का. शेवटचा प्रश्न मुलीनंच विभागाला ईमेल करून विचारावा. उत्तर किती दिवसांत आणि कसं येतं, त्यावरूनही बरंच कळतं.

साताऱ्याकडची, कोरेगाव भागातली एक विद्यार्थिनी अशाच एका विद्यापीठात 'एका वर्षात बदलायचंच' असं ठरवून गेली होती. ट्रान्सफरचे अर्जही भरून ठेवले होते. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात एका प्राध्यापिकेनं तिला स्टार्चवरच्या कामात घेतलं. मार्चमध्ये तिचा मला फोन आला, "मॅडम, अर्ज मागे घेऊ का?" मी म्हटलं, निकाल तर येऊ दे. दोन ठिकाणचे होकार आले, तरी ती गेली नाही. ट्रान्सफर केलं असतं तर शिष्यवृत्ती गेली असती, काही विषय पुन्हा करावे लागले असते आणि ती प्राध्यापिका सुटली असती. तिला थांबता आलं, कारण ती ज्या जागी होती ती जागा मुळात चांगली होती.

आजोबांचं म्हणणं मी शेवटी ठेवलं, पण हलकं म्हणून नव्हे. मुलीनं सीईटी दिली असेल तर राहुरी विद्यापीठाचा फूड टेक्नॉलॉजीचा बी.टेक. आणि विषयगट जुळत असेल तर मुंबईच्या आयसीटीचा (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) फूड इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम, हे दोन्ही उघडे ठेवा. इथं पदवी करून पुढे एम.एस.ला गेलं तर अमेरिकेत शिक्षण किंवा संशोधन सहायक म्हणून काम मिळण्याची, फी माफ होण्याची शक्यता खूप वाढते. पदवीच्या पातळीवर परदेशी मुलांना तसं सहसा मिळत नाही. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र पुण्यात आहे, १९९७ पासून. तुमच्या मुलीच्या विषयाचं देशातलं ते मुख्य ठिकाण आणि तुमच्या घरापासून काही तासांवर.

इथं एक खड्डा आहे, तो दाखवून ठेवते. काही जण सुचवतात, एक वर्ष इथं बी.एस्सी.ला नाव घाला आणि पुढच्या वर्षी डेव्हिसला पुन्हा पहिल्या वर्षासाठी अर्ज करा. १२वीनंतर कॉलेजात नियमित प्रवेश घेतला की यूसीच्या नियमानं ती ट्रान्सफरची उमेदवार होते, पहिल्या वर्षाची राहत नाही. आणि ट्रान्सफरला त्यांना दोन वर्षांचं काम झालेलं हवं असतं. पुन्हा अर्ज करायचाच असेल तर कुठेही प्रवेश न घेता वर्ष काढावं लागेल. तुमच्या बाबतीत ते वर्ष पैशाचा प्रश्न सोडवत नाही, म्हणून मी सुचवणार नाही.

कागदांबद्दल दोन शब्द, कारण शेतकरी घरांची यात हमखास दमछाक होते. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यानं आयकर विवरणपत्रात तुमची खरी कमाई दिसत नाही. मग ती दुसरीकडून दाखवावी लागते: सात-बारा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बेदाणा सौद्याच्या पट्ट्या, कोल्ड स्टोरेजच्या पावत्या आणि बँकेतल्या जमा नोंदी. मागच्या वर्षी एका वडिलांनी माझ्या टेबलावर पिशवी रिकामी केली. रबर लावलेले पट्ट्यांचे गठ्ठे, पाच वर्षांचे. वरच्या दोन वर्षांच्या वाचता येत होत्या. खालच्या कार्बनच्या होत्या आणि पुसट होऊन नुसता निळा कागद उरला होता. अडत्याकडे जाऊन खातेउतारा काढून आणेपर्यंत अकरा दिवस गेले. तुम्ही आजच पट्ट्यांच्या झेरॉक्स काढा आणि प्रत्येक पट्टीसमोर बँकेतली नोंद पेन्सिलीनं खूण करा.

कर्जासाठी जमीन तारण ठेवू असं तुम्ही लिहिलंय. शेतजमीन बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला घेत नाहीत, कारण २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे आणि बँकेला ती वसुलीसाठी सहज विकता येत नाही. एनए (बिगरशेती) प्लॉट, घर किंवा मुदतठेव लागते. तुमच्याकडे एनए काय आहे हे बँकेत जाण्याआधी पाहा, कारण सव्वा कोटींतला कर्जाचा भाग त्यावर उभा आहे. पैसे पाठवताना वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस (बँक आधीच कापून घेते तो कर) लागत नाही, ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची आहे. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या रकमेला तो लागतच नाही. कापला गेला तरी आयकरात वळता होतो, पण तेवढे पैसे काही महिने अडकतात.

तर माझा सल्ला असा. वेटलिस्टवर राहायचं की नाही हे मुलीला आकडे दाखवून तिलाच ठरवू द्या. राहिली तरी हरकत नाही, त्याला पैसे पडत नाहीत. अमेरिकेच्या मधल्या भागातल्या त्या विद्यापीठाची अनामत १ मेच्या आत भरा. व्हिसा हातात पडेपर्यंत इथली प्रवेशप्रक्रिया सोडू नका. कम्युनिटी कॉलेजचा रस्ता, दोन कोटींची सोय होणार नसेल तर, नको. आणि व्हिसाच्या मुलाखतीत मुलीला ट्रान्सफरबद्दल विचारलं तर तिनं खरं तेच सांगावं.

माझं मत दोन गोष्टींनी बदलेल. एक, घरात कुणी नातेवाईक लेखी, खात्यात दाखवता येईल अशी रक्कम देणार असतील. दोन, त्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती फक्त पहिल्या वर्षाची निघाली. दुसरं झालं तर मी सरळ आजोबांच्या बाजूनं उभी राहीन.

एक शेवटचं. १ मेची रात्र तिकडची असते. अमेरिकेच्या मधल्या भागातल्या वेळेनं रात्री बाराची मुदत म्हणजे आपल्याकडे २ मेचे सकाळचे साडेदहा. पण तोवर थांबू नका. गावाकडच्या बऱ्याच डेबिट कार्डांवर परदेशी व्यवहार बंद असतात आणि ते सुरू करायला कधी कधी शाखेतच जावं लागतं. १ मेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी आहे. २८-२९ एप्रिललाच अनामत भरून पावती मुलीच्या ईमेलवर आलेली डोळ्यांनी बघा.